तो गाय, ती गाय

कोर्टात नोकरीला होते असं सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकतात. खून, दरोडा, फाशी असलं काहीतरी बाई आता रंगवून सांगणार, असं वाटतं त्यांना. मी म्हणते, अहो, मी मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात स्टेनो होते. आमच्याकडे ट्रॅक्टर, टमटम, केळीचे ट्रक आणि मोडलेले पाय. लगेच चेहरे पडतात आणि कोणीतरी विचारतं, "चहा घेणार ना?"

चहा मी घेतेच. पण तेवढ्या वेळात ऐकवतेसुद्धा. सोडते की काय!

माझं माहेर असोद्याचं, सासर पिंप्राळ्याचं. नोकरी आधी धुळ्याला, मग निवृत्तीपर्यंत जळगावला. काम सांगायला सोपं. साक्षीदार बोलतो, वकील त्याला उलटसुलट विचारतात, साहेब म्हणजे न्यायाधीश त्यातलं कामाचं तेवढं मोठ्यानं सांगतात, आणि ते माझ्या बोटांतून कागदावर उतरतं. एकदा उतरलं आणि खाली साक्षीदाराची सही झाली, की तो माणूस बाहेर येऊन कितीही ओरडला तरी काय उपयोग? कागदावर असेल ते तो बोलला. म्हणून माझी बोटं फार जपून चालायची. निदान मला तसं वाटायचं.

आमच्या कोर्टाची एक वेगळीच बोली असते. गाडीवाला आणि विमा कंपनी मिळून ‘सामनेवाले’. ज्याला लागलं तो ‘अर्जदार’. विम्याच्या कागदात मात्र त्यालाच ‘तृतीय पक्ष’ म्हणतात. एका आजीबाईंना त्यांचे वकील हे समजावत होते. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसऱ्या तुम्ही. आजीबाई भडकल्या. "हाड मोडलं माह्यं, आन् मी तिसरी? पयल्या दोघांले काय खरचटलं तरी का?"

पोलिसांचं तर एक वाक्य ठरलेलंच. ‘भरधाव वेगात, हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून’. हयगय म्हणजे निष्काळजीपणा. गाडी कुठलीही असो, फिर्यादीत हे वाक्य पाहिजेच. एकदा एक रोडरोलर मागे येता येता एका उभ्या मोटारसायकलवर चढला, आणि ती वाचवायला धावलेल्या माणसाच्या पायाचं बोट चेमटलं. फिर्यादीत काय? ‘रोडरोलर भरधाव वेगात’. साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "किती वेगात होतास रे?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, माझ्या बाजूनं बकऱ्या पुढं निंघून जाता." अख्खं कोर्ट हसलं, बोट चेमटलेला अर्जदारसुद्धा.

आणि ते अपंगत्वाचे दाखले! डॉक्टर लिहून देतात, अमुक टक्के कायमस्वरूपी अपंगत्व. एका आबांना पस्तीस टक्क्यांचा दाखला मिळाला. आबांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि बायकोला म्हणाले, "पस्तीस म्हंजे पास ना वं?" बायको म्हणाली, "व्हय. जल्मात पयल्यांदा."

मला ह्या माणसांचं बोलणं कळायचं, कारण मी त्यांच्यातलीच. आमच्या पट्ट्यात ‘ळ’ नाही. केळीची केयी होते, शाळेची शाया, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. असोद्याच्या शाळेतल्या गुरुजींनी आम्हाला रांगेत उभं करून ‘ळ’ शिकवला. जीभ टाळ्याला लावा, म्हणा, केळी! मी सगळ्यांत आधी शिकले. घरी येऊन आईला म्हणाले, "आई, मला केळं दे." आई शेजारणीला सांगत सुटली, "पोरगी शायीत गेली आन् बोबडी होऊन आली!" पण मला त्या ‘ळ’चा भारी अभिमान. पुढे स्टेनोची परीक्षा, मग कोर्ट. तिथे बोलणारा कसाही बोलो, माझ्या कागदावर सगळं शुद्ध. साहेब लोक कौतुक करायचे, बाईंचं मराठी काय सुरेख आहे! मीही मान वर करून चालायचे.

ह्या अभिमानानंच एकदा घात केला. ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

धुळ्याला होते तेव्हाची गोष्ट. भटूभाऊ नावाचा शेतकरी दिवेलागणीला मोटारसायकलवरून घरी चालला होता, आणि रस्त्यात उभ्या करून ठेवलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना चमकणारी पट्टी. उजवा हात खांद्यापासून निकामी झाला. साक्षीत तो अहिराणीत म्हणाला, "साहेब, माले टाली दखायनीच नही." साहेब बाहेरगावचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "काय म्हणतोय हा?" मी ऐटीत सांगितलं, "ट्रॉली पाहिली नाही म्हणतोय." तसंच टाइप झालं, ‘मी ट्रॉली पाहिली नाही’.

चुकलं कुठं, कळलं का? तो म्हणाला होता, दिसली नाही. मी लिहिलं, पाहिली नाही. दिसली नाही म्हणजे अंधारात दिवा नसलेली ट्रॉली, दोष ट्रॉलीवाल्याचा. पाहिली नाही म्हणजे हा बाबा बघून गाडी चालवत नव्हता, दोष ह्याचाही. निकालाच्या दिवशी साहेब सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. ‘अर्जदाराने स्वतःच कबूल केले आहे की त्याने ट्रॉली पाहिली नाही, सबब निम्मी हयगय अर्जदाराची.’ तिथे मी थांबले. मी साहेबांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "बाई, खाली त्याची सही आहे." त्या सहीसाठी भटूभाऊनं डाव्या हातानं पेन धरलं होतं. पुढे त्यानं अपील केलं की नाही मला माहीत नाही. विचारायची हिंमतच झाली नाही, खरं सांगते. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. माणूस बोलेल ते तसंच लिहायचं. अशुद्ध तर अशुद्ध. मेलं ते कौतुक!

आता रेखाताईची केस.

रेखाताई पहूरजवळच्या एका खेड्यातली. वय बत्तीस-तेहतीस. शिवणकाम करायची, आणि पंचक्रोशीत तिच्या हातचं ब्लाऊज म्हणजे बायका लग्नाच्या आधी महिनाभर नंबर लावून ठेवायच्या. उन्हाळ्यात कापड घेऊन स्कुटीवरून घरी येताना ती घसरून पडली आणि उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. एक ऑपरेशन झालं होतं. दुसरं झालं तर गुडघा वाकेल, उशीर केला तर पाय काठीसारखा सरळ राहील, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मशीनवर बसायचं म्हणजे पाय वाकायलाच हवा. ती कोर्टात यायची आणि मागच्या बाकावर पाय लांब करून बसायची. येणारा-जाणारा त्या पायाला अडखळायचा, आणि दर वेळी तीच म्हणायची, "माफ करा हं." दावा मंजूर झाला तर दुसरं ऑपरेशन, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं.

दाव्यात तिचं म्हणणं असं, की गावच्या तलावातून ओला गाळ भरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतांकडे जात होत्या. एका ट्रॉलीतून तो रस्त्यावर सांडला आणि तिची गाडी घसरली. आमच्या कायद्यात भरपाई मिळायची तर अपघात ‘मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला’ असावा लागतो. ट्रॉलीतून सांडलेल्या गाळामुळे पडली, तर ट्रॅक्टरवाल्याच्या विमा कंपनीनं द्यायचं. नुसतीच पडली, तर नशीब तिचं.

आणि पोलिसांच्या फिर्यादीत लिहिलं होतं, ‘रस्त्यावर गाय पडलेली होती, त्यामुळे स्कुटी घसरली’.

गाय! गाईला कुठला आलाय विमा? कंपनीच्या वकिलांनी तेच धरून ठेवलं. अपघात गाईमुळे झाला, गाळाची गोष्ट मागाहून रचलेली. पंचनाम्यातही गाळाचा मागमूस नाही. कसा असणार? आमच्याकडे तलावातला गाळ म्हणजे शेताला खत. सांडलेला सगळा गाळ गावकऱ्यांनी पाट्या भरभरून दुपारच्या आतच उचलून नेला होता. पोलीस आले तेव्हा रस्ता झाडल्यासारखा स्वच्छ.

ती फिर्याद दिली होती दगडूनानांनी. सत्तरीचे, पांढरीशुभ्र टोपी, बांधावरून त्यांनी रेखाताईला पडताना पाहिलं आणि तिला उचललं. तेच आमच्याकडे साक्षीला उभे राहिले. साहेब नवीन, कोकणातले, बदलून येऊन दोन महिने झालेले. रेखाताईचे वकील नाशिकचे. कंपनीचे वकील मात्र इथलेच, आणि त्यांना काही कळलं नसेल असं मी म्हणणार नाही.

त्यांनी गोड आवाजात सुरुवात केली. "नाना, ही फिर्याद तुमचीच ना?"

"व्हय."

"हवालदारांनी वाचून दाखवली होती?"

"दाखवली."

"बरोबर होती?"

"एकदम बरोबर."

"मग सांगा साहेबांना, रस्त्यावर काय होतं?"

नाना खणखणीत आवाजात म्हणाले, "गाय! बठ्ठा रस्ताभर गाय पडेल व्हता."

रेखाताईचे वकील पांढरेफटक पडले. आपलाच साक्षीदार फुटला, असं त्यांना वाटलं. मागच्या बाकावर रेखाताईनं पदर तोंडाशी नेला. कंपनीचे वकील खुशीत आले.

"गाय कोणत्या रंगाची होती?"

"काया. काया कुयकुयीत."

"कोणाची होती?"

नाना जरा गोंधळले. "कोणाची म्हंजे? सरकारी."

"सरकारी गाय!" वकील साहेबांकडे वळून हसले. साहेबांनी सांगायला सुरुवात केली, ‘रस्त्यावर गाय पडलेली होती. गाय काळ्या रंगाची होती. ती सरकारी मालकीची होती.’ सांगता सांगता त्यांनी समोरच्या पडद्यावर नजर टाकली आणि थांबले.

"बाई, हे काय? ‘बठ्ठा रस्ताभर गाय पडेल व्हता’? ‘काया कुयकुयीत’? दुरुस्त करा ते. गाय पडलेली होती."

माझा हात कळफलकावर होता. नाना काय म्हणतायत ते मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. पण स्टेनोनं साक्ष द्यायची नसते. मी वकील नाही, साक्षीदार नाही. साहेब विचारत नाहीत तोवर अर्थ सांगणं माझं काम नाही, आणि मागे एकदा अर्थ सांगून मी काय करून ठेवलं ते सांगितलंच. माझ्या हातात एवढंच होतं, की ऐकलेलं बदलायचं नाही.

मी उठून उभी राहिले. "साहेब, आपण सांगाल तर दुरुस्त करते. पण साक्षीदार ‘व्हता’ म्हणाले. ‘व्हती’ नाही म्हणाले. आणि ‘काया’ म्हणाले, ‘कायी’ नाही."

कंपनीचे वकील घाईघाईनं म्हणाले, "साहेब, खेड्यातला माणूस आहे, व्याकरण काय घेऊन बसायचं?"

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नानांकडे नीट बघितलं. "नाना, ही तुमची गाय दूध देते का हो?"

नानांना वाटलं साहेब चेष्टा करतायत. तोंड कडू करून ते म्हणाले, "गाय कसा दूध देईन साहेब? तो त वावरात टाकता. पीक जोरदार येतं."

"आणि दूध देते ती?"

"ती गाय."

"मग रस्त्यावर होती ती?"

"ती नाही साहेब, तो! तयातून काढेल गाय. ट्राल्या भरू भरू नेत व्हते." नानांचा धीर सुटला. एवढा शिकलेला माणूस आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही! त्यांनी एक हात इकडे केला, एक तिकडे. "हा आसा, तो गाय. आन् ही आशी, ती गाय. तो चिखल. ती जनावर. लहान पोराले कयतं!"

मग आमचा शिपाई, तोही पहूरकडचाच, तोंडावर फाइल धरून खुसखुसायला लागला. साहेब खुर्चीला टेकले आणि असे हसले, असे हसले, की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. नाशिकचे वकील उड्या मारायचेच काय ते बाकी होते. कंपनीचे वकील कागद चाळू लागले.

साहेबांनी विचारलं, "अहो पण नाना, हवालदारांनी ‘गाय पडलेली होती’ असं वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

नाना म्हणाले, "मले वाटलं, शुद्ध भाषेत गायले बाई करत आसतीन."

त्यावर कंपनीचे वकीलही हसले. माणूस वाईट नव्हता, काम करत होता आपलं.

मग साहेबांनी एकेक करून सगळं विचारून घेतलं. गाळ सांडला कसा? "फायका बांधेल नव्हता." ह्या वेळी साहेब स्वतःच म्हणाले, "फाळका! ट्रॉलीचा मागचा फाळका!" आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ट्रॅक्टर कोणाचा, ते नानांनी मालकाच्या नावानिशी सांगितलं. नानांचे शब्द जसेच्या तसे घ्या आणि शेजारी अर्थ लिहा, असं साहेबांनी मला बजावलं. बजावायची गरज नव्हती. पण ऐकून फार बरं वाटलं.

निकाल साहेबांनी मुद्दाम मराठीत दिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. टाइप करताना मी ओठ दाबून धरले होते. ‘साक्षीदाराने गाय हा शब्द सातत्याने पुल्लिंगी वापरला असून, सदर गाय हा वस्तुतः गाळ असल्याबाबत प्राधिकरणाची खात्री झाली आहे.’ दावा मंजूर. कंपनीनं अपील केलं नाही. रेखाताई निकाल ऐकून माझ्या टेबलापाशी लंगडत आली. म्हणाली, "बाई, तुमचं ब्लाऊज मी शिवीन." मी म्हटलं, "चालतं नाही बाई आम्हाला काही घेतलेलं. तू आधी गुडघ्याचं बघ."

दोनेक वर्षं गेली. माझा नोकरीचा शेवटचा दिवस आला. हार झाले, भाषणं झाली, मी टेबलाचे खण रिकामे करत बसले होते. तेवढ्यात गेटवरचा रक्षक वर आला. नवा होता, कोल्हापूरकडचा. चेहऱ्यावर संकट.

"मॅडम, खाली एक म्हातारा आणि एक बाई आल्यात. म्हणत्यात, मॅडमसाठी गाय आणलाय. आता गाय आत कशी सोडू? मला दिसंना पण कुठं बांधलीय ती."

मी हातातल्या फाइली खाली ठेवल्या. "नीट आठवून सांग. गाय आणली म्हणाले, की आणला?"

त्यानं विचार केला. "आणला म्हणाले. म्हातारं माणूस हाय, चुकतंय बोलताना."

मी जिना उतरले तो धावतच. साठीला टेकलेल्या बाईनं पळू नये म्हणतात, पण पळाले. गेटपाशी दगडूनाना उभे होते, तीच पांढरी टोपी. स्कुटीच्या पायठेवणीवर एक तट्ट भरलेली गोणी. आणि स्कुटी चालवत आणली होती रेखाताईनं. पहूरहून जळगावपर्यंत!

"बाई," नाना म्हणाले, "आज तुमचा शेवटचा दिस कयला. आता काही घेतलं त चालतं ना? घरच्या कुंड्यांले टाका. आपल्याच तयाचा शे, पाहा केवढा काया!"

"दाखवते ना," असं म्हणत रेखाताईनं गोणी ओढून खाली घेतली आणि तिचं तोंड सोडायला पटकन उकिडवी बसली. दोन्ही गुडघे वाकवून, टाचा टेकून, अगदी वावरात निंदायला बसतात तशी. बसली आणि वर माझ्याकडे बघून हसली. मी गाळ बघितलाच नाही. मी गुडघा बघत होते. मला रडू आलं, आणि ते लपवायचं काही कारण नव्हतं.

रक्षक वही घेऊन मागे उभाच होता. गेटवर आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची, असा नियम. "मॅडम, काय लिहू?"

"ते काय म्हणाले?"

"गाय."

"मग तसंच लिही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं, आणि वहीत लिहिलं, ‘गाय, एक गोणी, मिळाला’. मी ते वाचलं, आणि खाली सही केली.